रणगाड्याचा शिंपी

कुणाचे उपकार मानायचा माझा स्वभाव नाही. लष्करात सहा वर्षं काढली, तेवढ्यात सगळ्यांशी भांडून झालं, स्वयंपाक्याशी तर दोनदा. पण सायलस नॉर्थकॉटचं नाव निघालं की मी गुमान बसतो. आज मी हे सांगायला जिवंत आहे तो त्या माणसामुळे.

सायलस ब्रिक्सहॅमचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावचा. बापाच्या मागं त्यानंही कोळ्यांसाठी तेलकापडाचे कोट शिवले. चव्वेचाळीस साली पंचेचाळिशी उलटलेली, केस नावाला, हुद्दा कॉर्पोरलचा. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे रणगाड्यांना आधी सहा फूट पाण्यातून चालत जावं लागणार होतं. त्यासाठी वर्कशॉपात गाड्या जलबंद करायचं काम चाललं होतं, आणि साहेबांनी बरोबर माणूस हेरून तिथं लावला होता. आम्ही त्याला शिंपीबुवा म्हणायचो. आमच्या गाडीला दोन खिसे ठेवा, असं कुणी चिडवलं की आधी तुझं तोंड शिवतो, म्हणायचा.

काम किचकट. प्रत्येक फट, प्रत्येक बोल्ट, झाकणाची प्रत्येक कड चिकट काळ्या लुकणानं भरायची, त्यावर कापड चिकटवायचं, वरून पुन्हा लुकण. मागं पत्र्याची दोन उंच धुराडी, म्हणजे इंजिनाला पाण्याच्या वरून श्वास घेता यावा. सगळं झालं की सायलस डोळे मिटायचा आणि एकेका सांध्यावरून अंगठा फिरवायचा. डोळे फसतात, अंगठा फसत नाही, हे त्याचं म्हणणं. घाईतले अधिकारी चरफडायचे. हा आपला अंगठा फिरवतच राहायचा.

बोटीत चढायच्या आदल्या दिवशी छावणीत शेवटचं लुकण लागलं. त्यानंतर इंजिन फार चालवायचं नाही, आणि गाडीच्या पाठीला हात लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. मी ड्रायव्हर, हुकूम मलाही पाठ होता. पण पाऊस लागलेला, घोट्याएवढा चिखल, आणि खाली ठेवला की स्टोव्ह कलंडत होता. चहाशिवाय आमची माणसं युद्धच काय, आंघोळसुद्धा करत नाहीत. इंजिनावरचं पोलाद कसं सपाट, कोरडं, वर ताडपत्री. ठेवला तिथंच स्टोव्ह. पाचजणांचा चहा झाला, झकास झाला.

स्टोव्ह उचलला तर खालचं लुकण पातळ झालेलं आणि कापड वीतभर सुटून फुगलेलं. सांगावं तर गाडी उतरायच्या यादीतून जाणार आणि आमच्या गाडीचा प्रमुख, सार्जंट गॅमन, माझी चामडी लोळवणार. मी तळव्यानं कापड दाबलं, वरून लुकण सारखं केलं आणि गप्प बसलो. झाकली मूठ.

दुपारी सायलस शेवटच्या फेरीला आला. डोळे मिटून अंगठा फिरवत निघाला, आणि त्या जागी थांबला. डोळे उघडून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"चहा किती जणांचा होता?"

"पाच."

"पाच कप चहासाठी पाच माणसं बुडवणार होतास, पेनफोल्ड."

सार्जंटला सांगू नकोस म्हणून मी हातापाया पडलो. त्यानं तिकडं लक्षच दिलं नाही, खरवडायला सुरुवात केली. कोठारातलं कापड संपलं होतं. त्यानं अंगातला कोट काढला, स्वतः शिवलेला, आणि त्याची पाठ कात्रीनं सरळ कापून घेतली. ओल्या पोलादाला लुकण धरत नाही, म्हणून मी ताडपत्री धरून उभा, आणि हा पालथा पडून चिंध्यांनी इंच न् इंच कोरडा करतोय. चार तास. ताडपत्री जेमतेम त्या कामापुरती, त्यामुळं स्वतः नखशिखान्त भिजला.

काम संपल्यावर त्यानं कबुली द्यायला मलाच सार्जंटकडं पाठवलं. सार्जंट जे बोलला ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. परत आलो तेव्हा सायलस तिथंच होता. माझा हात धरून त्यानं सांध्यावर ठेवला आणि डोळे मीट म्हणाला. मी मिटले. कुठंही काही लागलं नाही.

फ्रान्सच्या किनाऱ्याशी बोटीतून समुद्रात उतरलो तेव्हा गाडीनं नाक खाली घातलं आणि माझ्या काचेत नुसतं हिरवं पाणी. ड्रायव्हर सगळ्यात खाली बसतो, पाणी आलं तर पहिला तोच. वरून सार्जंट एकच शब्द बोलत होता, चालव, चालव. इंजिन एकदा अडखळलं असतं तर खेळ खलास. पाठीमागं त्या ठिगळावरून समुद्र वाहत होता. मी इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. तो बदलला नाही. मग गाडीच्या पट्ट्यांखाली वाळू लागली, काचेत उजेड आला, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

पत्र लिहायचं राहून गेलं. आज लिहू, उद्या लिहू. सेहेचाळीस साली ब्रिक्सहॅमला गेलो तेव्हा दार त्यानंच उघडलं. कोट शिवणं त्यानं सोडलं होतं, बंदरावर मासे तोलायचा. का सोडलं, मी विचारलं.

"बासष्ट गाड्या जलबंद केल्या. एकाचाही निरोप नाही. काही बुडाल्या म्हणतात. त्यात माझ्या किती, मला कोण सांगणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन ओळींचं पत्र, बाकी काय लागत होतं?

"सायलस, आमची किनाऱ्याला लागली," मी म्हटलं.

"इंजिनात पाणी?"

"थेंब नाही."

"पाचही जण?"

"पाचही. सगळे घरी आहेत."

त्यानं दाराची चौकट धरली.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं आत वळून बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"आता हिला सांग," तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा सांगायला लागलो आणि त्या खेपेला मला रडू आवरलं नाही.