आईसाठी पाहिलेली दृश्ये

ढगांचा एकच कडकडाट मला दोनदा ऐकू येत असे. पहिला फोनमधून, पुण्यातल्या आईच्या टीव्हीचा. दुसरा सात-आठ सेकंदांनी माझ्या लॅपटॉपमधून, नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरून. आकाशात ढग असण्याची काहीच गरज नव्हती. मालिकेतल्या एका बाईने दुसऱ्या बाईकडे वळून पाहिलेले असे, एवढेच. त्या सात-आठ सेकंदांत आई विचारायची, "कुणाकडे बघितलं?" आणि मी म्हणायची, "थांब गं, माझ्याकडे अजून वळायचीय ती."

गेली दोन वर्षे मी अशी आईसाठी पाहत आले. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्यभागी डाग पडला आहे. कडेकडेचे तिला दिसते: साडीचा काठ, खिडकीचा उजेड, दारातून कुणी आत आले ही हालचाल. ज्याच्याकडे रोखून पाहावे, नेमके तेच नाहीसे होते. डावा डोळा आधी गेला. उजव्यात इंजेक्शने चालू होती आणि त्यांवर तिची सगळी भिस्त होती. "हा डोळा सुधारला की तुला सुट्टी," असे ती मला वरचेवर सांगायची.

रात्री आठला तिची मालिका लागे. आमच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेचार वाजलेले असत, हिवाळ्यात साडेतीन. तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असे, पण इतका तिरका, की मला दिसे ते छताचा पंखा आणि तिचा अर्धा कान. ऑफिसच्या दिवशी मी युट्रेख्टच्या फलाटावर बाकावर बसून, मोबाइल डोळ्यांपुढे धरून, कुणाच्या तरी साखरपुड्याचे वर्णन करत असे. सायकल धरून उभे असलेले लोक माझ्याकडे पाहत आणि विनयाने नजर वळवत.

आईने तीस वर्षे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. काचपट्टीवर दिसते ते लिहायचे, वाटते ते नाही, हा तिचा धर्म. मी मराठी घेऊन एम.ए. केलेली, कवितांवर वाढलेली. पहिल्याच आठवड्यात आमचे वाजले.

"तिचा चेहरा असा झालाय आई, जसं सांजवेळी देवघरात—"

"उपमा नको. भुवया कुठे आहेत?"

"वर."

"दोन्ही?"

"एकच."

"मग राग नाही तो. संशय आहे. पुढे?"

हे तिचे 'पुढे' मला पाठ झाले होते. मी कुठेही रेंगाळले, कुठेही शब्दांशी खेळू लागले, की ते यायचे: कोरडे, किंचित चढे, काचपट्टी बदलल्यासारखे.

या कामाने माझी मते बदलली. पूर्वी मी मालिकांना नुसती नाके मुरडत असे; आता माझ्याकडे कारण आहे. आपल्या रोजच्या मालिका न पाहता पुऱ्या कळतात. पात्र आत येते आणि म्हणते, "अगं, तू रडतेयस?" दुसरे म्हणते, "हे पत्र? आणि तुझ्या हातात?" जे दिसते ते सगळे बोलून दाखवायचे आणि उरलेल्या वेळात एकच चेहरा तीन बाजूंनी, तीन कडकडाटांसह दाखवायचा. महागड्या साड्या नेसलेला रेडिओ आहे तो.

वेब सिरीजची तऱ्हा उलटी. गेल्या हिवाळ्यात सगळीकडे वाखाणलेली एक रहस्यमालिका आम्ही दोघींनी आपापल्या जागी लावली. तिच्यात प्रत्येकजण कुजबुजत होता आणि प्रत्येक खोली निळ्या अंधारात बुडालेली होती. पाच भागांची गोष्ट आठ भागांत ताणलेली. मधल्या जागा ड्रोनने भरलेल्या. "आता काय दिसतंय?" आई विचारायची. "डोंगर. वरून." "परत?" तिसऱ्या भागात ती म्हणाली, "त्यांना म्हणावं दिवे लावा. निदान ज्यांना दिसतंय त्यांना तरी दिसू दे."

मार्चमध्ये आमच्या इथल्या मराठी मंडळींनी युट्रेख्टला रविवार सकाळचा एक खेळ ठरवून नवा मराठी सिनेमा आणला होता. मला तो फार आवडला; नवरा गेलेल्या एका बाईचे एक वर्ष, जवळजवळ निःशब्द. दुसऱ्या दिवशी मी आईला तो सांगू लागले. "ती खिडकीपाशी उभी आहे." "मग?" "उभीच आहे." "मग?" "आई, संगीत इतकं सुंदर आहे तिथे, की—" "हातांनी काय करतेय?" हात मी पाहिलेच नव्हते. सिनेमा घरी पाहायला मिळाला तेव्हा तेवढ्यासाठी तो पुन्हा लावला. खिडकीच्या गजावरचा जुना रंग ती नखाने खरवडत होती, सबंध सिनेमाभर, प्रत्येक ऋतूत थोडा थोडा. सगळी गोष्ट त्या नखात होती आणि मी ती व्हायोलिनमध्ये शोधत बसले होते.

आणखी एक इथली, डच मालिका. तिच्यात डॉक्टर एका म्हातारीला तिच्याच स्वयंपाकघरात बसून सांगतो की आता उपाय उरलेला नाही. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. ती विचारते, कॉफी घेणार का. तो हो म्हणतो. मला ते अंगावर आले. इथला आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, असाच बोलतो, आणि इतक्या वर्षांनीही मला त्याची सवय झालेली नाही. मी आईला म्हटले, "किती रुक्ष माणसं ही. जरा आडवळण नाही." आई म्हणाली, "बरंय की. एकदाच रडायचं आणि कॉफी प्यायची." हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि सोडून दिले.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दादाने, माझ्या मोठ्या भावाने, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दुपारी त्याने रिपोर्टचा फोटो मला पाठवला. खाली लिहिले होते: 'उजव्यालाही आता इंजेक्शनचा उपयोग नाही म्हणतात. आईला काही बोलू नकोस. दिवाळी होऊन जाऊ दे. मी तिला सगळं ठीक आहे असं सांगितलंय.' मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. शब्दांवर जगणाऱ्या बाईने पाठवलेला तो अंगठा मला अजून टोचतो.

त्याच संध्याकाळी, तिकडच्या आठला, मालिकेत सुनेच्या हाती सासूचा मेडिकल रिपोर्ट पडला. तिने तो वाचला, मागे वळून पाहिले, बारीक घडी घातली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरला. त्या सबंध दृश्यात, क्वचितच घडावे तसे, एकही संवाद नव्हता. नुसती सारंगी. दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. एरवी मी त्याला मनातून दाद दिली असती.

"कागद वाजला," आई म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही गं. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आलीय. वाचून कपाटात ठेवली तिने."

"मग सारंगी कशाला?"

"हल्ली कशालाही सारंगी लावतात. काही डोकं आहे का या लोकांना?"

आई हसली, कारण हे माझे ठरलेले मत होते आणि ते खरेही होते. त्या खऱ्या मताच्या आड मी खोटे दडवले. नंतर किती वेळ मी ओटा पुसत राहिले. तांदळाचा एक दाणाही त्यावर सांडलेला नसताना.

पुढचे आठ-दहा दिवस मी मालिका पाहत नव्हते, तिच्यावर पाळत ठेवत होते. मला कळत होते की एकदा तांदळात गेलेला कागद मालिकेत कधीतरी वर येणारच. तो आला तर कोणते दृश्य त्याच्या जागी बसवायचे, आणि आईने तिच्या रिपोर्टचे विचारले तर काय सांगायचे, हे मी सायकलवरून जाता-येता जुळवत असे. बाजूला बीटच्या शेतांतली ओली माती वास टाकत असे आणि मी वाक्ये रचत असे. आईने एकदा सहज विचारले, "दादा म्हणतो रिपोर्ट चांगला आहे. तुला पाठवलाय का त्याने?" मी म्हटले, "विचारते." तिने 'पुढे' म्हटले नाही. पंखा फिरत राहिला.

मग तो रविवार आला. मालिकेचा एक तासाचा विशेष भाग होता. सकाळी मी स्टुलावर चढून भिंतीवरचे घड्याळ एक तास मागे घेतले. फोन आणि लॅपटॉप आपापले बदललेले होतेच. घरातली सगळी घड्याळे बरोबर करून मी समाधानाने खाली उतरले. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होणारा हा बदल मी विसरले नव्हते. विसरले होते ते एवढेच, की पुण्यात कुणी स्टुलावर चढत नाही. साडेचारला पाच कमी असताना मी चहा घेऊन बसले. लॅपटॉपवर शेवटची नावे वर सरकत होती.

मी फोन लावला. पंखा. अर्धा कान.

"झाली का घड्याळं लावून?" आई म्हणाली.

"आई, सॉरी गं. वेळ बदलली आज आणि मी—"

"माहितीय. तुमची बदलते दर वर्षी."

"तू फोन का नाही केलास?"

"म्हटलं, बघू तरी. खालच्या वहिनी आल्या होत्या, चकलीची भाजणी द्यायला. त्यांनाच बसवलं. बऱ्या सांगतात त्या. तुझ्यासारखं सुंदर नाही सांगत. पण सांगतात."

मी कप खाली ठेवला.

"सासूने भाताला डबा काढला," आई सांगू लागली, तिच्या लॅबच्या आवाजात. "हात घातला, तर कागद. वहिनी म्हणाल्या, 'अहो तोच नाही का, सुनेने दडवलेला.' मी म्हटलं, 'छे हो, ती पत्रिका होती. ती कपाटात आहे.' वहिनी हसायला लागल्या. म्हणाल्या, 'तुमच्या लेकीचा टीव्ही वेगळा दिसतो.'"

आमच्या छपरावरून एक विमान विमानतळाकडे उतरत गेले.

"चेहरा दाखवला म्हणे तिचा. तीनदा," आई म्हणाली. "मी म्हटलं, चेहरा राहू द्या वहिनी, हात सांगा. तर कागद मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करत होती म्हणे. घड्या जाईपर्यंत. हे बरं केलंय त्यांनी, नाही? ओरडली नाही, पडली नाही."

"बरं केलंय," मी म्हटले.

"मग माझा कुठल्या डब्यात आहे?"

सायकलवर जुळवलेली सगळी वाक्ये माझ्याजवळ होती. डॉक्टर बाहेरगावी आहेत. दादाने पाठवलाच नाही. पुढच्या तपासणीनंतर कळेल. एकही खोटे वाटले नसते, इतकी ती मी घासून ठेवली होती. दिवाळीला चार दिवस उरले होते. दादा चिडेल, हे मला दिसत होते. आणि आज मी बोलले नाही तर उद्या आठ वाजता आई मला काहीच विचारणार नाही, हेही.

"आई, दादा म्हणाला होता की दिवाळी—"

"त्याचं राहू दे. तो घाबरट आहे, लहानपणापासून." मग जरा हळू: "अगं, तीस वर्षं रिपोर्ट लिहिले मी. घरची माणसं खिडकीशी यायची, म्हणायची, 'बाई, त्यांना नका सांगू.' मी म्हणायची, मी सांगत नाही, मी लिहिते. तूही सांगू नकोस. नुसतं वाच."

मी मालिका बंद केली आणि त्याच पडद्यावर तो फोटो उघडला. कागदाच्या कोपऱ्यात दादाचा अंगठा आला होता. मजकूर इंग्रजीत होता. मी तो एकेक ओळ मराठीत आणत गेले. उपमा नाही, मत नाही. दिसते ते.

"उजवा डोळा. मध्यभागी व्रण धरलाय. आधीच्या फोटोपेक्षा मोठा." मी श्वास घेतला. "इंजेक्शनं थांबवावीत. पुढे देऊन उपयोग होण्याची शक्यता नाही."

पंखा फिरत होता. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. भुवया कुठे आहेत हे मला सांगणारे तिथे कुणी नव्हते. मी कान देऊन ऐकू लागले, ती दोन वर्षे ऐकत आली तशी. पुण्यातल्या टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. मग तीही बंद झाली. त्यानंतर कापडावरून तळहात फिरावा तसा एक आवाज आला. मांडीवरची साडी असावी. एकदा, पुन्हा एकदा, सावकाश, कडेपर्यंत.

कागदावर अजून दोन ओळी होत्या. मला त्या वाचता येत नव्हत्या. अक्षरे ओली झाली होती.

तो आवाज थांबला. आणि मग आई म्हणाली, कोरडे, किंचित चढे:

"पुढे?"