रुसलेला वीर आणि फोरबर्गचं मखर

ग्रीक महाकाव्य वाचून संपलं, पण त्यावरचे आमचे किस्से काही संपेनात! दोन पानं वाचली की एक किस्सा जमायचाच.

हॉलंडमधल्या फोरबर्गच्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं बसायचो. ग्रीक शिकवून निवृत्त झालेली डच हानेके, माझ्या नवऱ्याचा, म्हणजे सुनीलचा, कॉलेजपासूनचा मित्र अरविंद, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील अण्णा आणि मी. हानेके इंग्रजीत सांगायची, अरविंद अण्णांना मराठीत. डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा इथे माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. त्या टेबलानं मला माणसं दिली. त्याचे आभार मानावे तेवढे थोडेच.

*

हानेके म्हणाली, "ग्रीकांचा नियम असा, की दारी आलेल्याला देवानं पाठवलंय. आधी पोटभर खायला घालायचं, नाव नंतर विचारायचं."

अण्णांनी समोरच्या बशीकडे पाहिलं. "मग तुम्ही कॉफीबरोबर एकच बिस्कीट का देता?"

अरविंदनं भाषांतर करायला साफ नकार दिला. मी केलं! पुढच्या शनिवारी हानेके अख्खा ॲपल केक घेऊन आली. अजून आणते, देव तिचं भलं करो.

*

मग देवांची भांडणं आली. अर्धे देव या बाजूला, अर्धे त्या. आम्ही चकित होऊ अशी हानेकेची अपेक्षा होती, आम्ही आपले माना डोलावतोय.

"तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

अण्णा म्हणाले, "बायकोनं माहेरून आणलेली अन्नपूर्णा पुढे की आमचा खंडोबा पुढे, यावरून आमच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती!"

*

खरा घोळ झाला तो त्या रुसलेल्या वीरापाशी. राजानं सगळ्यांसमोर त्याचा मान काढून घेतला म्हणून तो लढाई सोडून तंबूत जाऊन बसतो.

"करेक्ट माणूस आहे!" अरविंद टेबलावर हात आपटून म्हणाला.

कारण ताजं होतं. गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं मखर दरवर्षी अरविंद करतो. यंदा माइकवर आभार मानत होता सुनील. त्यानं साउंडवाल्याचे मानले, पार्किंगवाल्याचे मानले, आणि अरविंदला विसरला! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. अण्णा परत जायच्या आत हे मिटावं म्हणून त्यांचा जीव खाली-वर होत होता.

"पण त्याच्या रागापायी किती माणसं मेली!" हानेके म्हणाली.

"आधी विचार करायचा होता राजानं!"

*

शेवटी सुनीलनं माझ्या हाती शाल, श्रीफळ आणि कलर प्रिंट काढलेलं सन्मानपत्र पाठवलं. अरविंदनं सगळं जसंच्या तसं परत केलं.

हानेकेनं विचारलं, "तुझा नवरा स्वतः गेला होता का?"

"नाही."

"राजानंही भेटीच पाठवल्या होत्या. स्वतः गेला नव्हता!"

हे मी घरी सांगितलं. सुनील म्हणाला, "मला काय युद्ध जिंकायचंय?"

*

अण्णांच्या शेवटच्या शनिवारी हानेकेनं शेवट वाचला. शत्रूच्या बाजूचा म्हातारा राजा आपल्या मुलाचं प्रेत मागायला, लढाईत परतलेल्या त्या वीराच्या तंबूत एकटा जातो आणि मुलाला मारणारे त्याचेच हात चुंबतो. अरविंद भाषांतर करता करता दोनदा थांबला.

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात अण्णा, एकटेच. सुनील नमस्काराला वाकणार, तोच अण्णाच त्याच्या पायांकडे वाकायला लागले!

"अण्णा, अहो हे काय!" सुनीलनं त्यांना वरच्यावर धरलं.

"परवा निघतोय रे. पोराला तुझ्या हवाली करून जायचं होतं. आता कुणाच्या करू?"

घरातल्या चपलांवरच सुनील अण्णांना घेऊन निघाला, त्यांच्यामागे मी. अरविंदचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक गॅलरीत ओळीनं आठ दारं. अरविंदनं दार उघडलं. सुनील आत गेलाच नाही. गॅलरीत उभा राहून, मंडळाच्या माइकवर लावतो तसा आवाज लावून म्हणाला,

"सुंदर मखराबद्दल श्रीयुत अरविंद यांचे मंडळ अत्यंत आभारी आहे!"

धडाधड दारं उघडली. डच शेजारी बघतच राहिले. अण्णा डोळे पुसत होते, मीही.

अरविंदनं गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "अजून एकदा म्हण. शेवटच्या घरातल्या आजींना कमी ऐकू येतं."