लाकूड ओळखणारे काकाजी

काकाजी कुठल्याही खुर्चीवर टेकण्याआधी तिचा हात हुंगत. चौतीस वर्षं आरागिरणीवर काढलेली. लाकूड नाकाने ओळखायची सवय जडलेली. माझ्या लग्नात स्टेजवर आले, आहेर हातात ठेवला आणि माझ्या महाराजा खुर्चीवर वाकून मोठ्याने म्हणाले, "सागवान म्हणून सांगतलं असन तुले. आंबा आहे गा!" मंडपवाल्याने मान खाली घातली. माझी बायको आजही म्हणते, लग्नातलं तिला तेवढंच आठवतं.

नागपूरच्या नंदनवन भागात ते आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. "मले विचार" हे त्यांचं पालुपद. पाऊस, गुडघेदुखी, निवडणूक, काहीही असो, मले विचार. काकूजी मात्र कधी काही विचारत नसत. त्यांची एकच मागणी होती, एकदा समुद्र दाखवा. त्यावर काकाजींचं उत्तर ठरलेलं: "अंबाझरी तलाव पाह्यला ना? तोच. फक्त मीठ टाकलं." हे बावीस वर्षं चाललं. शेवटी काकूजींनी परस्पर माझ्याकडून कोकणची तिकिटं काढून घेतली आणि सोबतीला मलाही ओढलं.

जानेवारीतल्या त्या किनाऱ्यावर काकाजी नागपूरच्या मे महिन्याचा बंदोबस्त करून उतरले. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पायात बूट-मोजे. काकूजी लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि लहान पोरीसारख्या हसत सुटल्या. काकाजी प्रत्येक लाटेला दोन पावलं मागे सरत होते. सरत सरत ते नारळीच्या बागेत जाऊन पोचले आणि तिथून ओरडले, "झाला ना वं पाहून? चाल आता!"

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीतून मगरी दाखवणाऱ्या होडीत बसलो. होडीवाला सुधाकर वयाने माझ्याएवढा, हळू बोलणारा. आधी खंड्या दिसला, मग घार. एका वळणावर त्याने चिखलाकडे बोट केलं. "मगर. आवाज नको." सगळ्यांचे मोबाइल वर झाले. तेवढ्यात काकाजींचा खणखणीत आवाज आला, "ऐनाचा ओंडका आहे. ऐनाची साल अशीच चौकोनी चौकोनी राहते."

दुसरी मगरही ऐनच निघाली. काकाजी इतक्या खात्रीने बोलत होते, की आमच्यासोबतच्या एका गृहस्थांनी काढलेले फोटो पुसून टाकले.

"काका, माझा जन्म या खाडीत गेला," सुधाकर कळवळून म्हणाला.

"माहा गिरणीत गेला," काकाजी म्हणाले.

ओहोटी सरत आली आणि आमची होडी चिखलात रुतली. हाताच्या अंतरावर तिसरा ओंडका पडलेला. सुधाकर सांगत होता, भरती येईपर्यंत कुणी हलू नका. काकाजींनी तोवर होडीतला बांबू उचललाही होता. "त्या ओंडक्याले टेकवून ढकलतो. मले विचारा ना!" बांबू टेकवला आणि, सवय ती सवय, ते ओंडका हुंगायला बाहेर वाकले.

ओंडक्याने डोळा उघडला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. जबडा उघडला, बांबूचे दोन तुकडे झाले, काकूजींनी दोन्ही हातांनी काकाजींचा पट्टा धरून असा हिसका दिला की ते उताणे माझ्या मांडीवर येऊन पडले. मगर अर्धा बांबू घेऊन पाण्यात गेली.

काकाजींचे ओठ पांढरे पडले होते. "समुद्र पाह्याले आली मी का विधवा व्हाले?" काकूजी म्हणाल्या आणि रडू लागल्या.

काकाजी उठून बसले. आठ परक्या माणसांसमोर त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि कधी नव्हे ते विचारलं, "आता काय करू वं?"

"बसा," काकूजी म्हणाल्या. "पाणी येते म्हणून राहिले ना ते होडीवाले."

दीड तासाने भरतीने होडी उचलली. तोवर काकाजींनी तो हात सोडला नव्हता. उतरल्यावर ते सुधाकरपुढे हात जोडून उभे राहिले. आणि काय सांगावं, सुधाकरने त्यांना घरी जेवायला नेलं.

नागपुरात परतल्यावर कुणी सल्ला मागायला आलं, की काकाजी म्हणत, "हिले विचार." गल्लीला ते पचायला वर्ष गेलं. काकूजींनी तेवढ्यात भलताच सल्ला दिला: आपण तिकडेच जाऊन राहू. सुधाकरच्या घरामागे एक खोली रिकामी होती. सत्तरीची दोन माणसं, कोकणात कुणी नातेवाईक नाही. मी समजावून थकलो. स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा काकूजी खिडकीशी बसून खुशाल संत्रं सोलत होत्या.

परवा मी चौकात कोथिंबीर घेत होतो, तर काकाजींचा फोन आला. "थांब, बोलू नको," म्हणाले आणि गप्प झाले. नुसती घरघर. मग दुरून आवाज आला, "ऐकू येऊन राहिलं का गा? लाट आहे."

मला ऐकू येत होते ते चौकातले हॉर्न. पण मी दुसऱ्या कानावर हात दाबला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "हो काकाजी. अजून जरा पुढे न्या फोन."