वाघोलीत मी सरळ केलेली घोडी

दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय न उघडणारी तीन कुलपं, विहिरीवरचा दुहेरी रहाट, वेळ मोजायचं तांब्याचं घटिकापात्र, घडी घालून नेता येणारं देवघर आणि सासऱ्यांसाठी एक लाकडी पाय, ज्यावर ते पाच वर्षं चालले: एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं आहे. आमच्या कुळात सगळे लेखणीवाले. पटाशी धरणारा मी पहिला, आणि ती कशी धरायची हे मला कोणी दाखवलं नाही.

त्यातलं एक कुलूप पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका सराफांनी मागवलं होतं. दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर तो ते उलटं बसवणार, म्हणून कार्तिक लागताच मी स्वतः निघालो. ज्यांना या वाटेने जायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो: घोडनदीकाठच्या आमच्या गावाहून पुणे वीस कोस. भाड्याचं तट्टू रोजी चार आण्यांना मिळतं, दाणा-चंदी आपली. कोरेगावाशी भीमेला मांडीएवढं पाणी होतं. तिथे भाकरी आणि खर्डा चांगला मिळतो, पण आधी भाव ठरवा. वाघोलीची विहीर उत्तम, धर्मशाळेतले ढेकूण त्याहून धष्टपुष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच धर्मशाळेत एक बाई गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाव भिवराबाई. पैठणकडून बैलगाडीने आलेल्या, गाणाऱ्या. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तारांना उचलून धरणारी जी बसकी पट्टी असते तिला घोडी म्हणतात. गाडीच्या धक्क्याने ती उखडली होती.

"कोणाकडे सरस आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"सरस आहे, हत्यारंही आहेत," मी म्हटलं.

"हत्यारं राहू द्या, पंत. फक्त चिकटवा."

मी "बरं" म्हटलं. ते "बरं" मला अजून टोचतं.

बाई विहिरीकडे गेल्या. मी घोडी हातात घेऊन तिच्या माथ्यावर लोखंडी पट्टी धरली, तर दोन्ही कडांशी केसभर उजेड दिसला. माथा गोलसर होता. कोणा आळशाने अर्धवट सोडलेलं काम! मला राहवेना. कानस काढली आणि माथा आरशासारखा सपाट केला, मगच घोडी चिकटवली.

सकाळी बाईंनी तारा चढवल्या आणि छेडल्या. पाटावर बोट आपटावं तसा आवाज आला. त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं.

"ही सरळ कोणी केली?"

"वाकडी होती, बाई."

"वाकडी नव्हती. कमान होती ती. तार त्या उतारावर हलकीशी घासते म्हणून सूर घुमतो. जवारी म्हणतात त्याला. माझ्या गुरूंनी समोर बसून लावून घेतली होती."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "उद्या तिसऱ्या प्रहरी पुण्यात एका सरदारांच्या वाड्यात गायचंय. ऐकून नेमणूक द्यायची की नाही ते ठरवणार. तिथले तंबोरे पुरुषांच्या पट्टीचे, माझ्या गळ्याला चालत नाहीत. आणि पन्नाशी उलटलीय पंत, पुन्हा बोलावणं यायचं नाही."

वाघोली ते पुणे पाच कोस मी तट्टूवर बसलोच नाही, गाडीमागून चालत गेलो. येरवड्याच्या घाटावर नाव मिळते, माणशी एक पैसा. पलीकडे चौकीवरच्या शिपायाने भोपळा टकटक वाजवून पाहिला.

"आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग इतकं जपून कशाला नेताय?"

"सूर होता," बाई म्हणाल्या. "तो या पंतांनी काढून घेतला."

शिपाई हसला. मला हसू आलं नाही.

बुधवार पेठेत तंबोरे दुरुस्त करणारे एकच जाणते कारागीर, असं चौकीवर कळलं होतं. दुकान उघडं होतं. दारात त्यांची बायको गहू निवडत होती.

"घरात आहेत का?"

"दुकान उघडं दिसलं म्हणजे माणूस आत असतोच असं नाही. जेजुरीला गेलेत. चार दिवसांनी या."

बाईंनी तंबोरा दाराशी टेकवला आणि झालेलं सगळं तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हे काम कोणी दुसऱ्याने केलं असतं तर किती बरं. पण दुसरं कोणी नव्हतं. कारागिरांच्या बायकोकडे मी ओट्यावर बसायची परवानगी मागितली.

"बसा. हत्यारांना मात्र हात लावू नका. तुमची कीर्ती आत्ताच ऐकली."

जुनी घोडी माझ्या घासण्याने फार बुटकी झाली होती, ती काढून टाकली. शेजारच्या गल्लीतल्या फणीवाल्याकडून सांबरशिंगाचा तुकडा आणला, आठ आणे पडले. तारा चढवून नवी घोडी त्यांच्या ताणाखाली सरसाशिवायच बसवली आणि सुरुवात केली. मी दोनदा कानस फिरवायची, बाईंनी तार छेडायची.

"मुकी."

पुन्हा कानस.

"अजून मुकी... आता घोगरी. पंत, तिकडे नको, अलीकडे."

मी सवयीने लोखंडी पट्टी उचलली.

"ती पिशवीत घाला, नाहीतर मुठेत फेकते."

घातली. डोळ्यांना दिसेना, बोटांना लागेना, असं काम मी कधी केलं नव्हतं. आणि जास्त घासलं गेलं तर ते परत चढवता येत नाही. दिवेलागणीच्या सुमाराला बाईंनी जवारी खुलवायला तारेखाली रेशमाचा दोरा सरकवला, छेडलं, आणि ओटा भरून गेला. मग त्यांनी नुसता षड्ज लावला.

मी आयुष्यभर सांधे बसवतो. लाकडात लाकूड असं बसवतो की नख जाऊ नये. त्या तारेच्या आवाजात बाईंचा आवाज बसला आणि मला सांधा सापडेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. घटिकापात्र करणाऱ्या माणसाला ठाऊक नाही! त्या ओट्यावर मी त्यांचा झालो.

पण सरसाला पक्कं वाळायला आठ प्रहर लागतात आणि हाताशी सातच होते. त्यात शिंग गुळगुळीत, सरस धड धरत नाही. मी खालची बाजू खरवडून घेतली, चिकटवलं, वर वजन ठेवलं. झोप नाही.

दुसऱ्या दिवशी वाड्यात खांबाला टेकून अशा जागी बसलो की घोडी दिसेल. सदरेत ऊन येत होतं आणि वीतवीत सरकत भोपळ्याकडे निघालं होतं. उन्हाने सरस मऊ पडतो. बाई गात होत्या, मंडळी माना डोलवत होती आणि मी ऊन आणि घोडी यांच्यातलं अंतर मोजत होतो. तीन वीत. दोन. एकदा घोडी हललीशी वाटली. हलली नव्हती. ऊन एका वितीवर असताना बाईंनी तंबोरा खाली ठेवला. सरदारांनी कारभाऱ्यांकडे पाहून मान हलवली. नेमणूक मिळाली.

शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "दुसऱ्या रागात काय रंग भरला हो!"

"दुसरा कधी झाला?" मी विचारलं. ते थोडे दूर सरकून बसले.

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "पंत, पुढच्या वेळी ऐकायला या."

कुलूप सराफांकडे दिलं, नीट बसवून दिलं. पुण्यात राहणार असाल तर रात्रीच्या तोफेआधी मुक्कामी परता, नाहीतर चावडीत बसवतात.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग गाणं कसं होतं?" मला सांगता आलं नाही. आता दर महिन्याला एकदा वीस कोस जातो, सदरेच्या अगदी मागे बसतो. तिथून घोडी दिसत नाही, गाणं तेवढं ऐकू येतं. आता मला त्यांच्या चिजांचे अस्ताई-अंतरे पाठ आहेत. गावातले लोक हसतात, हसोत. बायको मात्र त्या दिवशी वाड्याच्या दारात झालेलं बोलणं अजून विसरत नाही, आणि तेही इथे लिहून ठेवतो. कारभाऱ्यांनी मला थांबवून वाड्यातल्या सगळ्या वाद्यांची देखभाल देऊ केली होती: भिवराबाई गातील तेव्हा जवळ बसून तंबोऱ्यावर नजर ठेवायची, राहायला दोन खण, वर्षाला एक पागोटं आणि दरसाल तीनशे रुपये. मी नको म्हटलं.