रिकाम्या यंत्रावरचं चार पॉइंट आठ

"अरे, बघतोस काय? ताटली घे त्यांच्या हातातनं, परत ठेव!"

साहेब माझ्यावर असे ओरडले, की तिकडे लासलगावात लिलाव थांबला असणार. ताटली होती मुंबईहून माल तपासायला आलेल्या बाईंच्या हातात. वास घ्यायला म्हणून त्यांनी ती सहज नाकाशी नेली होती. आणि खाली रिकामं यंत्र छाती काढून आकडा दाखवत होतं: ४.८.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकजवळ कांदा वाळवून भुकटी करणाऱ्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. तो वास! माझ्या लग्नाच्या फोटोंना अजून येतो. भुकटीत पाणी किती, हे ते यंत्र सांगायचं. ताटलीत चिमूटभर भुकटी, वर तापलेला दिवा. पाणी उडालं की वजन घटणार, त्यावरून टक्के. यंत्र वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेलं. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायचा: एकानं शून्य, एकानं दिवा चालू, एकानं यंत्रावरची बटणं बंद. आणि एक हुकूम असा, की आपण लिहू ते यंत्राच्या पाटीवर आकड्याच्या जागी उमटणार. दुपार झाली की मी तिथं इंग्रजी अक्षरांत 'चहा' उमटवायचो. साहेब ते पाहून पोट धरून हसले, हुकूम विचारून घेतला. मला वाटलं, माणसाला विनोद कळतो. थू!

मग शेड गळली, पोती भिजली. भुकटी कसली, लगदा! एका पोत्यातून बेडूक निघाला, तोही शिंकत होता. गिऱ्हाइकाला पाणी पाच टक्क्यांच्या आत हवं. यंत्र नऊ दाखवत होतं.

साहेब म्हणाले, "तुझा तो चहा असतो ना, तिथं चार पॉइंट आठ टाक."

"साहेब, रिपोर्टखाली सही माझी असते."

"मग तू सही कर. टाइप मी करतो."

आणि केलं की! तंबाखू मळून पिवळ्या पडलेल्या एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत. वर बटणंही बंद करून टाकली, बाईंनी काही दाबू नये म्हणून. सहीचं विचाराल, तर मी पेन संपल्याचं सांगून टाकलं होतं. पण लिहिलेलं पुसायला वेगळा हुकूम लागतो, तोवर ताटली असो-नसो आकडा हलत नाही, हे त्या गृहस्थाला कुठलं ठाऊक!

"काढ ते!" साहेब आता माझ्या कानात फिसकारले.

पुसायचा हुकूम मला तोंडपाठ होता. मी दोन्ही हात खिशात घातले.

साहेब बाईंकडे वळून हसले. पोत्यातला लगदा बरा, इतकं चिकट ते हसू. "मशीन बिघडलंय हो मॅडम, नवीन आहे ना! चला, आधी चहा घेऊ."

बाईंनी ताटली टेबलावर ठेवली.

"मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पोतं उघडा."