जोडीनं बसायची पूजा

निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांसाठी एका धर्मादाय संस्थेनं घरं बांधली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या कामात पडले. बेळगावात आमच्या घरी सगळ्यांना वाटलं होतं, ही चार दिवस बसनं जाईल-येईल आणि दमून घरी बसेल. दमले मी, पण बसले नाही. मला मुळात राग लवकर येतो आणि राग आला की घरात राहवत नाही, एवढंच त्यामागचं कारण. समाजसेवा वगैरे शब्द लोकांनी नंतर चिकटवले.

घरं होती नवऱ्यानं टाकलेल्या, नाहीतर नवऱ्याच्या माराला कंटाळून मुलाबाळांसह बाहेर पडलेल्या बायकांची. संस्थेचा नियम साधा होता. घर बाईच्या नावावर, आणि ज्याच्या मारापासून ती सुटून आली तो माणूस तिथं राहायला यायचा नाही. इंजिनियरनं नकाशात सुटी सुटी घरं काढली होती, हवा खेळावी म्हणून मध्ये बोळ सोडून. बायकांना ती आवडली नाहीत. एक सावळी, किडकिडीत बाई उठून म्हणाली, "भिंतीला भिंत लावून बांधा साहेब. आरडलं तर पलीकडं ऐकू गेलं पायजे." इंजिनियरनं मुकाट्यानं नकाशा बदलला आणि एका ओळीत लागून लागून घरं उभी राहिली.

ही आठवण त्या बाईची आहे. नवऱ्यापासून सुटून ती मुलीला घेऊन निपाणीतच या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. तो पत्ता काढत यायचा, दारात तमाशा करायचा, आणि घरमालक हिलाच खोली सोडायला सांगायचा. मुलगी सातवीत होती आणि तिच्या शाळा किती बदलल्या हे तिला स्वतःला नीट सांगता येत नव्हतं. संस्थेचं घर म्हणजे त्या दोघींना पहिल्यांदाच कुणी उठवणार नाही अशी जागा. किल्ली हातात घेतली तेव्हा ती हसली-रडली काही नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली आणि मला म्हणाली, "बाई, हितं उजेड चांगला पडतोय."

तिची आई जवळच्या खेड्यात मुलाकडे असायची. लेकीला घर मिळालं म्हणून म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं होतं. वास्तुशांत झाल्याशिवाय लेकीनं नवीन घरात राहू नये असा तिनं हट्ट धरला, आणि तो लेकीनं मानला. मला आमंत्रण होतं. मी पोचले तेव्हा ओळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या, भटजी चौरंग मांडत होते, आणि पाटावर लेकीच्या शेजारी तिचा नवरा बसला होता. दाढी केलेला, नवा सदरा, डोक्याला टोपी. अंतरपाट धरला असता तर लग्नच लागलं असतं.

त्याला म्हातारीनं बोलावलं होतं. लेकीला न सांगता, शेजाऱ्याच्या मोबाइलवरून निरोप धाडून. मी म्हातारीला स्वयंपाकघराकडे ओढलं आणि दात-ओठ खात विचारलं, हे काय केलंत? तिला माझा राग कळलाच नाही. "जोडीनं बसल्याबिगर वास्तू शांत हुईत न्हाय बाई," ती म्हणाली. "कुकवाचा धनी जित्ता असताना एकटीनं कसं बसायचं? पूजा झाली की जातूय म्हणालाय त्यो. जेवून जातूय."

आपल्याकडे बायको नसलेला पुरुष पूजेला बसला तर कमरेला सुपारी खोचतो आणि ती सुपारी बायको म्हणून चालते. बाईला ही सवलत नाही. चालली असती तर मी पोतंभर सुपाऱ्या आणून दिल्या असत्या. पण माणसांनी भरलेल्या घरात, भटजी मंत्र म्हणत असताना बाईनं उठायचं कसं? तिनं मान खाली घातली होती. शेल्याला पदराची गाठ मारली तेव्हा तिचे हात मांडीवर घट्ट मिटलेले मला दिसत होते. मुलगी आतल्या दारात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. किती हाका मारल्या तरी बाहेर आली नाही. मी शिरा न खाताच परतीची बस धरली.

तो जेवला, आणि गेला नाही. संध्याकाळी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "पूजंला मी बसलोय. घर माझंबी हाय." म्हातारी तोवर शेवटच्या बसनं गावी निघून गेली होती, लेकीचं भलं झालं या समाधानात.

पुढचं मला आठवडाभरानं कळलं. लेकीच्या गालावरचा वळ बघून मी तिथंच आवाज चढवला. एक तक्रार दे, संस्था आणि पोलीस मिळून त्याला बाहेर काढतील, कायदा तुझ्या बाजूनं आहे. ती विडीची पानं कातरत राहिली. "चार माणसांत त्येच्या शेजारी बसले बाई. गाठ मारून घेतली. आता कुठल्या तोंडानं सांगू की ह्यो नको?" मी तिला खूप बोलले, अगदी नको तेवढं. तिनं तक्रार दिली नाही. उलट मुलीला घेऊन पुन्हा कुठंतरी भाड्याच्या खोलीत जायचा विचार ती करत होती. घर त्याला सोडून. जे घर मिळवायला एवढी वर्षं गेली ते.

शेवटी मुलीनंच शेजारणीच्या फोनवरून आज्जीला सांगितलं. म्हातारी गाठोडं घेऊन मिळेल त्या बसनं आली. आत गेली, खुंटीवरचा सदरा काढला आणि गल्लीत फेकला. मग त्याची वळकटी, मग चपला. "मीच बोलावलं, मीच घालवती," असं ती मोठ्यांदा म्हणत होती म्हणे. त्यानं तिला ढकललं. ती दारातल्या पायरीवरून खाली पडली आणि ओरडली.

ते ओरडणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं, त्याच्याही पलीकडे गेलं. ओळीतल्या बायका मांडीवरचं सूप टाकून, हातात पानं कातरायच्या कात्र्या तशाच घेऊन बाहेर आल्या. तंबाखूच्या खकाण्यानं माखलेल्या त्या बायकांनी पोलीस येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. त्या दिवशी लेकीनं तक्रार दिली; मला फोन आला आणि मीही ठाण्यात पोचले. फौजदार कन्नडमधून विचारत होते, ती मराठीतून सांगत होती आणि मध्ये मी दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवत होते. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. तो माणूस पुन्हा त्या ओळीकडे फिरकला नाही.

म्हातारीचा खुबा मोडला होता. बेळगावला ऑपरेशन झालं, पण ती काही उठली नाही. मुलानं गावी न्यायला गाडी आणली तेव्हा लेक म्हणाली, "हितंच राहू दे." खिडकीखाली खाट टाकली. तिनं आईचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं. नातीनं अभ्यास मोठ्यानं वाचायचा, आज्जीनं ऐकायचा. पण मी जाई तेव्हा मला जाणवायचं, लेक आईशी कामापुरतंच बोलते. पाणी देऊ का, दुखतंय का, एवढंच. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा मी न राहवून म्हटलं, अगं बोल की तिच्याशी, तिनं अडाणीपणानं केलं, वाईटपणानं नाही. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला." एवढंच म्हणून ती सूप घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

म्हातारी त्याच घरात वारली. मी बातमी कळल्यावर पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

महिनाभरानं दुपारची गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. शेजारच्या घरात भांड्यांचा ढीग कोसळला, तरी ती हलली नाही. पूर्वी ही पोर बाहेर चप्पल वाजली तरी ताडकन उठून बसायची आणि दप्तर उचलायची. मी तिच्याकडे बघत होते, आणि खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"आता अशीच झोपती," शेजारी विड्या वळत बसलेली तिची आई म्हणाली.

मी म्हटलं, ही झोप तिला तुझ्या आईनं मिळवून दिली, त्याला घालवून.

विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिची बोटं थांबली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जायच्या आदल्या दिशी आई इचारत हुती, माझ्यावरचा राग गेला न्हवं गं तुझा? मी म्हटलं, पेज पी गप. राग कवाच गेलता बाई. पण तवा म्हटलं न्हाय. मनात म्हटलं, सांगू की सावकाश, घाई कसली? आता हितनं कोण उठवतंय आमाला?"