चावरा नळ आणि झिल्दाचा जावई

माझ्या न्हाणीघराची खिडकी आणि दोना झिल्दाच्या, म्हणजे झिल्दाबाईंच्या, न्हाणीघराची खिडकी समोरासमोर. मध्ये मांजर जाईल एवढीच बोळ. त्यामुळे त्या घरचं भांडण ऐकायला मला कधी कान लावावा लागला नाही. पहिलं ऐकलं ते तिच्या मुलीचं, मार्लीचं, लग्न झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये; आम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, इथे जून म्हणजे ऐन थंडी.

"वाल्दिर! अरे मेल्या, पाणी गार पडलं! डोकं साबणाने भरलंय माझं!"

"खटका पडला, दोना झिल्दा. कुठं वीज गळायला लागली की तो पडतो. त्याचं कामच आहे ते."

"मला गारठवून मारायचं काम? एवढी वर्षं याच शॉवरखाली न्हातेय, कधी मेले का?"

"माणूस एकदाच मरतं. सवय होत नाही त्याची."

"ऐकलंस गं मार्ली? तुझा नवरा माझ्या मरणाची वाट बघतोय!"

वाल्दिर म्हणजे तिचा नवाकोरा जावई, धंद्याने वायरमन. सासरी राहायला आल्या आल्या त्याने हौसेने तो खटका विजेच्या पेटीत बसवला होता. पुढच्याच आठवड्यात झिल्दाने खालच्या गल्लीतल्या, किरकोळ दुरुस्त्या करणाऱ्या तोनीन्योला बोलावलं. त्याने खटका काढला, हिरवी अर्थिंगची वायर कापून टेप गुंडाळली, वर चीजचे गोळे आणि कॉफी घेतली नि गेला. संध्याकाळी वाल्दिरने पेटी उघडून बघितली, मिटली, हात धुतले.

आमच्या डोंगरावर जून-जुलैत टाकीतलं पाणी बर्फ असतं. म्हणून घरोघरी डोक्यावर विजेचा शॉवर. पाणी पडता पडता तापतं. आणि घरोघरी नळ चावरे. हात लावला की मुंग्या येतात, कधी चांगला झटका. म्हणून सगळे रबरी चपला घालून आंघोळ करतात. हा काही बिघाड आहे असं आम्हाला वाटतच नसे. बायका शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलावं तशा बोलायच्या, "आमचा फक्त थंडीत चावतो हो, एरवी गरीब आहे."

वाल्दिरचं आयुष्य या चावऱ्या नळांच्या मागे गेलं. थंडी पडली की सगळे शॉवरची कळ 'हिवाळा'वर, म्हणजे सगळ्यात कढत पाण्यावर, सरकवायचे, बारक्या वायरी भाजून निघायच्या आणि याला हाका सुरू. संध्याकाळी जळक्या प्लॅस्टिकचा वास घेऊन घरी यायचा. मार्ली त्याचा शर्ट बाहेर दोरीवरच टाकायची. जिथे जाईल तिथे तेच सांगायचा, "खटक्याचा दोष नाही. तुमच्या शॉवरची कॉइल उघडीच पाण्यात बसलीय. आवरणातल्या कॉइलचा घ्या, खटका पडणार नाही, नळ चावणार नाही." लोक म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मग तोही खांदे पाडून निघायचा. मी एकदा म्हटलं, "वाल्दिर, दमत नाहीस का रे तेच तेच सांगून?" म्हणाला, "दमतो ना, मावशी. पण दुसरं काही येत नाही मला सांगायला."

झिल्दा म्हातारी होत गेली. रबरी चप्पल, ओली फरशी आणि साबण. एकदा कोपरावर पडली. दुसऱ्यांदा खुब्यावर, हाडाला चीर गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा पडलात तर पुन्हा उभं राहणं विसरा. न्हाणीघरात चपला बंद आणि धरायला भिंतीत लोखंडी दांडी.

घरी आल्यावर खिडकीतून पुन्हा सगळं ऐकू आलं.

"दांडी मी आज बसवत नाही," वाल्दिर म्हणाला. "नळ चावतोय त्या भिंतीत आणखी लोखंड? आधी वायरिंग, मग दांडी."

"म्हणजे पुन्हा तो तुझा खटका. आणि तो नवा शॉवर! म्हाताऱ्याच्या मुतासारखं पाणी पडतं त्यातून!"

"आई, लाज बाळग गं!" मार्ली ओरडली आणि मग रडायलाच लागली. "चपला घातल्या तर फरशी पाडते, काढल्या तर नळ चावतो. मी किती दिवस तुला ओल्या फडक्याने पुसू? माझीही पाठ गेलीय."

मग झिल्दा म्हणाली, "कर बाबा काय करायचं ते. माझा कोबी तुडवू नकोस म्हणजे झालं."

रविवारी त्याने पेटीपासून शॉवरपर्यंत नव्या जाड वायरी ओढल्या, त्यात हिरवी वेगळी. परसात तांब्याची सळई ठोकली, कोबीचं एक रोप गेलंच, त्यापायी झिल्दाच्या शिव्या खाल्ल्या. खटका परत बसला, आवरणाच्या कॉइलचा शॉवर आला, सगळ्यात शेवटी दांडी. पण झिल्दा दारात उभी, पायात चपला. "मी नाही काढणार. आयुष्यभराची सवय आहे. तू म्हणतोस म्हणून नळ सुधारला होय?"

वाल्दिरने वाद घातला नाही. वाद घालायची ताकदच उरली नव्हती म्हणा. पेटीतल्या खटक्याचं तपासायचं बटण दाबलं. टक् झालं, दिवा गेला. खटका वर केला, दिवा आला. मग बूट-मोजे काढले, पँट दुमडली, शॉवर सुरू करून ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि पालथा हात नळाला लावला, मग दांडीला. "या," म्हणाला.

ती आली. अनवाणी. शिव्या देत, पण आली.

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा दारात अडली. "आधी तू." आणि मग रोजच. काम कितीही लांबचं असो, झिल्दाच्या आंघोळीच्या वेळेला वाल्दिर घरी. मार्लीने केलं तर म्हातारीला चालायचं नाही. ती म्हणायची, "ती माझी मुलगी आहे, माझ्यासाठी खोटं बोलेल. हा जावई आहे, कशाला बोलेल?" असे कितीतरी हिवाळे. तो स्वतः म्हातारा झाला, गुडघे कुरकुरायला लागले, मोजे काढायला स्टुलावर बसायला लागला. झिल्दा पुन्हा कधी पडली नाही. ती अजून आहे, एकोणनव्वदीची, माझ्याहून तिखट.

वाल्दिर गेल्या ऑगस्टात गेला. झोपेतच. आदल्या संध्याकाळी मी खिडकीशी डाळ निवडत होते. तो उशिरा आला होता, छातीत जड वाटतंय असं मार्लीला म्हणाला. ती म्हणाली, "मग राहू दे आज." तो म्हणाला, "ती आंघोळीशिवाय झोपते होय?"

बटणाची टक् ऐकली. दिवा गेला, आला. पाणी सुरू झालं. थोडा वेळ नुसतं पाणीच पडत होतं. मग त्याचा आवाज, "या."

"किती तापवलंयस! कोंबडीसारखी सोलायचीय का मला?"

"थांबा." त्याने पाणी बंद केलं, पेटीतला स्विच खाली केला, अंधारातच स्टुलावर चढून कळ 'उन्हाळा'वर सरकवली, उतरला, स्विच वर केला. पाणी पुन्हा सुरू झालं, त्याने परत एकदा हात लावला असणार, कारण जरासा थांबला.

"आता या."

"हां. आता ठीक," झिल्दा म्हणाली. "दार ओढून घे, वारा येतो."

त्याने दार ओढून घेतलं.